चोखणी निर्जंतुक कशी ठेवावी: खान्देशातील नव्या आईवडिलांसाठी

बाळाच्या तोंडात दिवसातून कितीतरी वेळा जाणारी आणि जवळजवळ तितक्याच वेळा जमिनीवर, अंथरुणावर किंवा कोणाच्या तरी हातात जाणारी वस्तू म्हणजे चोखणी. ती निर्जंतुक ठेवायची तर उकळावी लागते, हे बहुतेक घरांत माहीत असते. पण उकळणे हा या कामातला सोपा भाग आहे. उकळलेली चोखणी पुन्हा बाळाच्या तोंडात जाईपर्यंत ती कोणत्या हातांनी उचलली, कशाने पुसली, कुठे वाळली आणि कशात ठेवली, यावर बाकी सारे अवलंबून असते, आणि गफलत होते ती तिथेच. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या भागात त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते: उन्हाळ्यातली ४५ अंशांच्या आसपास जाणारी उष्णता, बोअरचे क्षारयुक्त पाणी, आणि अनेक गावांत काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळामुळे साठवून ठेवावे लागणारे पाणी. म्हणून खोक्यावर छापलेल्या सूचना इथल्या घराला लागू कशा करायच्या, ते पायरीपायरीने पाहू.

विकत घेण्याआधी

आईचे दूध पिणाऱ्या बाळाला पहिले तीन-चार आठवडे, म्हणजे दूध नीट उतरून बाळाला छाती व्यवस्थित धरता येईपर्यंत, चोखणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली मांडलेल्या स्तनपानाच्या दहा सूत्रांत अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी मुळीच देऊ नये, असे म्हटले होते. २०१८ साली ही सूत्रे सुधारण्यात आली, तेव्हा बाटली आणि चोखणी यांचा वापर व धोके आईला समजावून सांगावेत, असा बदल त्यात झाला. दुसरीकडे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपवताना चोखणी द्यायला सांगते, कारण झोपेत अचानक होणारे बालमृत्यू चोखणी वापरणाऱ्या बाळांत कमी आढळले आहेत. तेव्हा चोखणी सरसकट वाईट नाही आणि आवश्यकही नाही. माझे मत मात्र स्पष्ट आहे: ज्या घरात ती रोज उकळून, वाळवून ठेवायला कोणाला सवड नाही, त्या घरात ती न आणलेलीच बरी, कारण अस्वच्छ चोखणीमुळे होणारे जुलाब आणि तोंडातला संसर्ग लहान बाळाला झेपत नाहीत.

घ्यायचीच असेल तर सिलिकॉनची आणि शक्यतो एकसंध, म्हणजे बोंड आणि ओठांवर टेकणारी चकती एकाच तुकड्यात घडवलेली असेल, ती घ्यावी. जोड असलेल्या चोखणीत लाळ आणि दूध सांध्यात शिरते, तिथे घासणी पोहोचत नाही, आणि पुढे तोच सांधा सुटून तुकडा घशात जाण्याची भीती असते. तपकिरी-पिवळसर रबराची चोखणी बाळाला मऊ लागते हे खरे, पण उष्णता, ऊन आणि तेलकट हात यांनी रबर लवकर चिकट होते आणि त्याला चिरा पडतात. आपल्याकडच्या वैशाखात रबर घेण्यात शहाणपण नाही. चकती बाळाच्या तोंडापेक्षा नक्कीच मोठी असावी आणि तिला हवेची भोके असावीत. दुधाच्या बाटलीच्या बोंडात कापूस भरून त्याची चोखणी करण्याची पद्धत काही घरांत दिसते. ती पूर्णपणे टाळावी. त्या बोंडाला पुरेशी मोठी चकती नसते, ते निसटून घशात अडकू शकते, आणि ओला कापूस कितीही उकळला तरी आतून स्वच्छ राहत नाही.

बाजारात आत मध किंवा गोड रस भरलेल्या चोखण्याही मिळतात. त्या घेऊ नयेत, आणि साधी चोखणीही मधात बुडवून बाळाला देऊ नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात; मोठ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून अंग लुळे पाडणारे विष तयार करतात. २०१८ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात मध असलेल्या चोखण्या वापरलेल्या चार बाळांना याच आजारामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले होते. हे बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत, त्यामुळे इथे निर्जंतुकीकरणाचा काही उपयोग नाही. गूळपाणी, साखर, ग्राइप वॉटर किंवा गुटी यांत चोखणी बुडवणेही सोडून द्यावे.

एकावेळी किमान चार चोखण्या घ्याव्यात. दोनच असल्या की एक पडते, दुसरी सापडत नाही, बाळ रडत असते, आणि मग ती नळाखाली धरून तशीच दिली जाते. पुढची सारी पद्धत चार-पाच चोखण्या असल्या तरच निभावते.

घरातली रोजची पद्धत

सर्वांत आधी हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह आणि नखांखालून, निदान २० सेकंद चोळून धुवावेत. मिरची वाटलेले, लसूण सोललेले, शेवभाजीला फोडणी दिलेले हात नुसत्या पाण्याने निघत नाहीत, आणि त्याच हातांनी दाबलेली चोखणी बाळाच्या ओठांना झोंबते.

हात धुतले की प्रत्येक चोखणी उजेडात धरून पाहावी आणि बोंड चारही दिशांनी ताणून ओढावे. चीर, चिकटपणा, रंगातला फरक, दाताचा ठसा किंवा हलणारा भाग दिसला तर ती उकळायला न टाकता थेट बाद करावी. चिरेत साचलेल्या मळापर्यंत साबण पोहोचत नाही, आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. ही तपासणी आठवड्यातून एकदा नव्हे, रोजच व्हायला हवी.

त्यानंतर धुणे. बाळाच्या पेल्या-चमच्यांसाठी राखलेल्या वेगळ्या वाटीत कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा पातळ साबण थेंबभर घेऊन, वेगळ्या मऊ ब्रशने चोखणी सगळीकडून घासावी. चकतीची भोके आणि बोंडाची बुडाची कड विशेष लक्ष देऊन घासावी. राख, काथ्या किंवा तारेची घासणी वापरू नये, कारण तिच्या ओरखड्यांत जंतूंना घर मिळते. घरातल्या तेलकट भांड्यांची स्पंजची घासणीही नको. पुष्कळ जण ही पायरी गाळून चोखणी थेट उकळत्या पाण्यात टाकतात. वाळलेली लाळ आणि दूध यांचा थर तसाच राहिला, तर उकळताना तो चोखणीवरच शिजून बसतो आणि त्याखालचे जंतू सुरक्षित राहतात. आधी धुवावे, मगच उकळावे.

उकळण्यासाठी एक छोटा गंज किंवा पातेले फक्त याच कामाला ठेवावे. दूध तापवण्याचे किंवा वरणाचे पातेले कितीही घासले तरी त्याला स्निग्धपणा राहतो, आणि सिलिकॉनला वास फार लवकर लागतो. पाणी इतके घ्यावे की सगळ्या चोखण्या बुडून वर दोन बोटे पाणी राहील. बोंडे दाबून आतली हवा काढून टाकावी, कारण हवा राहिलेली चोखणी तरंगते आणि तिचा वरचा भाग कोरडाच राहतो. तरीही तरंगली तर वर स्वच्छ स्टीलची जाळी किंवा छोटी ताटली ठेवावी. झाकण लावून पाणी खळखळ उकळू लागले की तेव्हापासून १० मिनिटे मोजावीत. पाणी कोमट असताना घड्याळ सुरू करून चालत नाही. रबराची चोखणी असेल, तर तिच्या खोक्यावर दिलेली वेळ पाळावी, ती बहुधा कमी असते. गॅस सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. पाणी आटले की चोखणी बुडाला चिकटून वितळते, आणि वितळलेली चोखणी ‘वरून ठीक दिसते’ म्हणून पुन्हा वापरता येत नाही. चुलीवर उकळत असाल तर झाकण काढूच नये. राख आणि धूर पाण्यात उतरतात.

दहा मिनिटे झाल्यावर आच बंद करून झाकण तसेच ठेवावे आणि पाणी गार होऊ द्यावे. चोखणीच्या बोंडात उकळते पाणी अडकून राहते. बाहेरून चोखणी कोमट लागते आणि बाळाने चावताच आतले गरम पाणी तोंडात येते. म्हणून पूर्ण गार झाल्यावर, पुन्हा धुतलेल्या हातांनी, फक्त चकतीला धरून ती उचलावी आणि बोंड दाबून आतला थेंब न थेंब काढावा. एक छोटा चिमटा त्याच पाण्यात उकळून घेतला तर बोंडाला हात लावण्याची वेळच येत नाही, आणि मला ही सवय सर्वांत उपयोगी वाटते.

वाळवणे आणि ठेवणे

इथेच केलेली मेहनत वाया जाते. उकळलेली चोखणी पदराला, ओढणीला किंवा स्वयंपाकघरातल्या टॉवेलला पुसली की ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. ती कशानेही पुसू नये, हवेवरच वाळू द्यावी. एका स्वच्छ ताटात उकळत्या पाण्यातून काढलेली स्टीलची जाळी ठेवून, त्यावर चोखण्या बोंड वर करून एकमेकींना न टेकता मांडाव्यात आणि वरून अन्नावर झाकायची जाळी किंवा मोठी चाळण घालावी. केळी पिकत ठेवलेल्या घरात माश्या फार असतात, आणि उघड्यावर वाळणाऱ्या चोखणीवर सर्वांत आधी त्याच बसतात. ताट खिडकीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवावे. उन्हाळ्यात कूलरची हवा अस्वच्छ टाकीतल्या पाण्यावरून येते आणि सोबत धूळ आणते.

ऊन लागले की सगळे जंतू मरतात, या समजुतीने चोखण्या गच्चीवर किंवा अंगणात मांडल्या जातात. कपड्यांना ऊन चांगले, पण चोखणीला ते उकळण्याच्या जागी चालणार नाही. चोखणीचा खालचा भाग सावलीतच राहतो, उघड्यावर धूळ आणि पक्षी असतात, आणि रबर तर उन्हाने लवकर खराब होते. सावलीतली, झाकलेली, कोरडी हवा पुरते. उन्हाळ्यात तासाभरात चोखणी खडखडीत वाळते. आषाढ-श्रावणात मात्र तीच अर्धा दिवस दमट राहते, म्हणून पावसाळ्यात उकळण्याचे काम रात्री उरकून सकाळपर्यंत वाळू द्यावी.

पूर्ण वाळल्याशिवाय चोखणी डबीत बंद करू नये. दमट, उबदार आणि बंद जागेत बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि चकतीच्या कडेला काळे ठिपके दिसू लागले म्हणजे तिथे बुरशी आधीच रुजलेली असते; ती चोखणी फेकून द्यावी. डबी झाकणाची, गुळगुळीत आतल्या भागाची, आणि चोखण्यांबरोबरच रोज धुऊन वाळवलेली असावी. डबी आठवडाभर न धुता आत उकळलेल्या चोखण्या ठेवणे, ही गफलत चांगल्या काळजीवाहू घरांतही होते. चोवीस तासांत न वापरलेली चोखणी दुसऱ्या दिवशीच्या खेपेत पुन्हा उकळावी.

पाण्याविषयी

बोअरच्या पाण्यात उकळलेल्या चोखणीवर काही दिवसांत पांढरट, खरखरीत थर दिसू लागतो. तो क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. पण खरखरीत पृष्ठभागावर लाळ आणि मळ अधिक धरतो. घरी पाणी शुद्ध करणारे यंत्र असेल तर उकळायला त्यातले पाणी घ्यावे, अर्धा-पाऊण लिटर पुरते. थर आधीच बसला असेल, तर वाटीभर पाण्यात अर्धे लिंबू पिळून चोखणी त्यात थोडा वेळ ठेवावी, हलक्या हाताने चोळून धुवावी आणि मग नेहमीप्रमाणे उकळावी. विजेवर चालणाऱ्या वाफेच्या यंत्राच्या तळाशी हाच थर साचतो. तो वेळेवर काढला नाही, तर यंत्र पुरेशी वाफ न होताच बंद पडते.

पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा यांना पूर आला की नळाला गढूळ पाणी येते. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून निवळलेले पाणी गाळून घ्यावे आणि ते उकळण्यासाठीच वापरावे, चोखणी खंगाळायला नाही. आशाताई पिण्याच्या पाण्यात टाकायला क्लोरीनचे जे थेंब देतात, त्यांचे प्रमाण पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेले असते. त्या पाण्यात चोखणी बुडवून ठेवली की ती निर्जंतुक झाली, असे मानू नये. पाच-सहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत चोखणी खंगाळायला टाकीतले साठवलेले पाणी घ्यावे लागते. त्यापेक्षा रोज एक छोटी कळशी पाणी उकळून झाकून ठेवावे आणि दिवसभर तेच वापरावे. सगळ्या चोखण्यांची खेप एकदाच लावली, तर पाणी आणि गॅस दोन्हींची बचत होते.

उकळण्याऐवजी

इडलीपात्रात वाफ देणे हा चांगला पर्याय आहे. जाळीवर चोखण्या सुट्या ठेवाव्यात, भांड्याच्या कडेला टेकू देऊ नयेत, आणि भरपूर वाफ सुरू झाल्यावर १० मिनिटे झाकण उघडू नये. कुकरला शिट्टी लावून मात्र वाफवू नये. दाबाखाली तापमान १०० अंशांच्या बरेच वर जाते आणि चकतीचे प्लास्टिक वाकते. मायक्रोवेव्हमध्ये फक्त त्याच कामासाठी बनवलेल्या, पाणी घातलेल्या डब्यातून, आणि चोखणीच्या खोक्यावर परवानगी असेल तरच.

औषधाच्या दुकानात निर्जंतुक करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. गोळीच्या वेष्टणावर जेवढे पाणी सांगितले असेल तेवढेच मोजून घ्यावे, भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे असावे, धातूचे नको, आणि चोखणी पूर्ण बुडवून निदान ३० मिनिटे ठेवावी. हे पाणी २४ तासांनी ओतून नवे करावे. वीज किंवा गॅस नसताना ही पद्धत कामी येते. घरात फरशी पुसायला आणलेले ब्लीच अंदाजाने पाण्यात टाकून हेच करू नये. त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते.

घराबाहेर

बाहेर पडताना लागतात ते दोन डबे: एक उकळलेल्या, कोरड्या चोखण्यांचा आणि दुसरा वापरलेल्या चोखण्यांचा. दोन्ही वेगळ्या रंगांचे असावेत, म्हणजे आजी, आत्या किंवा मामा यांच्यापैकी कोणीही बाळाला घेतले तरी चुकणार नाही. नियम एकच: पडली किंवा दुसऱ्याच्या हातात गेली की ती दुसऱ्या डब्यात, आणि घरी येऊन उकळेपर्यंत ती बाहेर येत नाही. दोन-तीन तासांच्या कामाला तीन आणि दिवसभराच्या प्रवासाला सहा चोखण्या बरोबर घ्याव्यात. पहिल्या डब्यात प्रत्येक चोखणी वेगळ्या छोट्या डबीत असेल तर अधिक चांगले, कारण एक काढताना बाकीच्यांना हात लागत नाही.

आखाजीला लेक माहेरी येते तेव्हा उन्हाचा कडाका असतो, आणि एसटीच्या खिडकीतून धूळ व गरम वारा सतत आत येतो. पिशवी पायाशी न ठेवता मांडीवर ठेवावी, आणि चोखणीचे डबे तिच्यात सर्वांत वर. उभ्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत डबा ठेवून जाऊ नये. तिथली उष्णता जंतू मारण्याइतकी नसते, पण रबर सैल पडायला पुरते, आणि आत दमटपणा असेल तर जंतूंना ती पोषकच ठरते. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर गाडी बदलताना फलाटावरच्या नळाखाली चोखणी धुऊन परत देण्याचा मोह होतो. ते पाणी मोठ्या माणसांना प्यायला चालत असेल, पण चार महिन्यांच्या बाळाच्या चोखणीला त्याचा भरवसा धरू नये. थर्मासमधले गरम पाणी वाटीत ओतून चोखणी बुडवली की ती उकळल्यासारखी झाली, हाही गैरसमज आहे. ते पाणी धूळ धुण्याइतपतच कामाचे, निर्जंतुकीकरणासाठी नव्हे. ओल्या टिश्यूने पुसलेल्या चोखणीवर त्यातला सुगंध आणि रसायने राहतात, त्यामुळे तोही उपाय टाळावा. चोखणी देण्यापूर्वी हात धुवायला पाणी नसेल, तर सॅनिटायझर चोळून हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत.

शेतावर बाळाला नेणाऱ्या आईला आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. कापसावर किंवा केळीवर फवारणी झालेल्या दिवशी आणि त्यानंतरही, औषधाचा अंश हातांवर, कपड्यांवर, फवारणी पंपाजवळ ठेवलेल्या पिशव्यांवर असतो, आणि सॅनिटायझरने तो निघत नाही. फवारणी करणाऱ्या माणसाने साबणाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला किंवा चोखणीच्या डब्याला हात लावू नये. चोखणीवर औषध उडाल्याची शंका जरी आली तरी ती फेकून द्यावी. उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक निघून जाईल याची खात्री नसते. झोळीत झोपलेल्या बाळाची चोखणी सुती दोऱ्याने गळ्याला, करदोट्याला किंवा झोळीच्या दोरीला बांधण्याची पद्धत तर जिवावर बेतू शकते. दोरा गळ्याभोवती आवळतो. पडू नये म्हणून अंगड्याला लावायची आखूड पट्टी मिळते. तिची लांबी वीतभराच्या आत असावी, ती बाळ जागे असताना आणि समोर असतानाच लावावी, आणि ती कापडी असल्यास चोखणीइतक्याच नियमाने धुवावी, कारण लाळेने ती सदैव ओली असते.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांच्या टापांनी दिवसभर धूळ उडत असते. अशा ठिकाणी चोखणी शक्य तितकी बाहेर काढूच नये, बाळाला छातीशी घेऊन पाजावे. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंदकी एका घरात जमते, बाळ हातोहात फिरते आणि प्रत्येक जण खाली पडलेली चोखणी उचलून प्रेमाने परत तोंडात देतो. इथे आईने संकोच करू नये. ‘आधी माझ्याकडे द्या, मी दुसरी देते’ एवढे सांगितले की मोठ्यांचा मानही राहतो आणि बाळालाही जपले जाते.

पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून ‘साफ’ करून बाळाला देणे ही फार जुनी सवय आहे. २०१३ साली स्वीडनमधील १८४ बाळांच्या एका अभ्यासात असे करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांत ऍलर्जी कमी आढळली होती, आणि त्याचा दाखला आजही दिला जातो. पण तो लहान अभ्यास होता, आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही. मोठ्यांच्या लाळेतून दात किडवणारे जंतू बाळाकडे जातात. ओठावर पुळ्या असतील तर नागिणीच्या जातीतला हर्पिसचा विषाणू जातो, आणि तो नवजात बाळाला अत्यंत घातक आहे. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीचे प्रमाण पाहता, ही सवय मोडावी असेच मी प्रत्येक घराला सांगेन.

बाळ आजारी असताना

जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे चट्टे दिसले आणि ओल्या मऊ कापडाने पुसले तरी निघाले नाहीत, तर ते दुधाचे नसून बुरशीचे असण्याची शक्यता असते. जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्यांना बाळाचे तोंड दाखवावे आणि डॉक्टरांकडे जावे. आईच्या स्तनाग्रांना जळजळ होत असेल तर तेही सांगावे, कारण दोघांवर एकदम उपचार झाले नाहीत तर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. उपचार चालू असेपर्यंत प्रत्येक वापरानंतर चोखणी उकळावी आणि उपचार संपताच सर्व चोखण्या बदलाव्यात. जुलाब चालू असताना चोखणी शक्यतो बंद ठेवावी आणि बाळाला वरचेवर अंगावर पाजावे. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, बाळ मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा. कान दुखणे वारंवार होऊ लागले, तर डॉक्टरांना चोखणीच्या सवयीबद्दल आवर्जून सांगावे, कारण या दोन गोष्टींचा संबंध आढळलेला आहे.

वय वाढेल तसे

पहिले सहा महिने रोज एकदा सगळ्या चोखण्या उकळाव्यात. वेळेआधी जन्मलेल्या किंवा वजनाने कमी असलेल्या बाळासाठी डॉक्टर सांगतील तोवर यात सूट घेऊ नये. सहा महिन्यांनंतर बाळ स्वतःच हाती येईल ते तोंडात घालू लागते. तेव्हा प्रत्येक वेळी साबणाने धुऊन, दोन-तीन दिवसांनी एकदा उकळले तरी चालते, पण पावसाळ्यात आणि घरात कोणी आजारी असताना रोजचा नियम परत सुरू करावा. याच वयात जाळीची, आत फळ घालून द्यायची चोखणी घरात येते आणि आपल्याकडे तिच्यात पहिले केळे जाते. केळे जाळीच्या छिद्रांत चिकटून तासाभरात काळे पडते. ती सुटी करून लगेच वाहत्या पाण्याखाली धुवावी लागते, आणि जाळी स्वच्छ होत नाही असे वाटले तर सरळ वाटी-चमच्यावर यावे, त्याने बाळ शिकतेही लवकर.

चोखणी दीड-दोन महिन्यांनी, दिसायला चांगली असली तरी, बदलावी. बाळाला दात आले असतील तर त्याही आधी. खरेदीची तारीख डबीच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवावी. बाद केलेली चोखणी कचऱ्यात अखंड टाकू नये, कात्रीने बोंड कापून, सगळे तुकडे कागदात गुंडाळून टाकावेत, म्हणजे कचऱ्यात खेळणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या तोंडात ती जाणार नाही.